वळिवड्याचे पाहुणे, गांधीनगरचे शेजारी

गगनबावड्याकडे, आणि घाट उतरून वैभववाडीपर्यंत, लग्न ठरलं की बस्ता बांधायला गांधीनगर गाठायचं ही जुनी रीत आहे. कोल्हापूरच्या पूर्वेला, मिरजेच्या रेल्वेमार्गालगत, वळिवडे गावाला खेटून ही कापडाची घाऊक पेठ पसरली आहे. नवऱ्या मुलीचा शालू जिथे उलगडला जातो, त्या परिसरात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं.

सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनीपाठोपाठ सोव्हिएत फौजाही पोलंडमध्ये घुसल्या. पुढच्या दोन वर्षांत पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं गेलं. जून १९४१मध्ये हिटलर रशियावर उलटला. स्टालिनला मित्र हवे झाले आणि जुलैतल्या करारानंतर या कैद्यांची सुटका सुरू झाली. पोलिश जनरल आंदर्स यांनी त्यांच्यातून फौज उभी केली. १९४२मध्ये ही फौज आणि तिच्या मागोमाग कुटुंबं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आली. पुरुष लढाईवर गेले. उरलेल्यांनी कुठे जायचं? नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली. वळिवड्याची वसाहत त्यानंतर वर्षभराने उभी राहिली, आणि ती कितीतरी मोठी होती.

‘कोल्हापूरने आश्रय दिला’ असं आपण अभिमानाने म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. संस्थानचे राजाराम महाराज १९४०मध्ये निवर्तले होते, गादीवर अजाण बाळ होतं आणि कारभार राजप्रतिनिधींच्या हाती होता. छावणीचा निर्णय इंग्रज सरकारच्या पातळीवरचा. खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारने घेतली होती. वळिवड्याच्या शेतकऱ्याला कोण विचारणार होतं? त्याच १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली आणि त्यांच्यासाठी हेच साम्राज्य वेळेवर हललं नाही. वळिवड्याची गोष्ट सांगताना हे बाजूला ठेवता येत नाही. त्यात त्या पोलिश मुलांचा काहीच दोष नव्हता, हेही तितकंच खरं.

मग गावाचं श्रेय कोणतं? माझ्या मते ते रोजच्या व्यवहारात आहे. छावणीत स्थानिक व्यापाऱ्यांनी दुकानं थाटली आणि देणंघेणं सुरू झालं. आत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता, नाटकं होत होती, स्काउटची पथकं होती. मुलं पोलिश भाषेत शिकली, पोलिश सण साजरे करत वाढली. आसपासच्या कोणी त्यांना आपल्यासारखं व्हायला सांगितलं नाही. परक्या माणसाला परकं राहू देऊन त्याच्याशी सलोख्याने वागणं सोपं नसतं. आज तर ते फारच अवघड झालं आहे. जी माणसं इथेच वारली, त्यांच्या कबरी कोल्हापुरात आहेत. एका पोलिश तरुणीने कोल्हापूरच्या तरुणाशी लग्न केलं आणि ती इथलीच झाली.

छावणीतल्या बायकांचे नवरे आणि भाऊ तेव्हा इटलीत लढत होते. मे १९४४मध्ये मोंते कासिनोचा डोंगर पोलिश तुकड्यांनी सर केला. ब्रिटिशांच्या ज्या आठव्या सैन्यात त्या लढत होत्या, त्याच सैन्यात मराठा पलटणीही होत्या. कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याच्या बराकीत आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या खेड्यांत बायका एकाच रणांगणावरून येणाऱ्या टपालाकडे डोळे लावून बसल्या होत्या.

युद्ध संपलं, पण छावणीतल्या पोलिश माणसांना घर मिळालं नाही. फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला त्यांचा मुलूख सोव्हिएत संघाच्या पदरात पडला. कोणी इंग्लंडला गेलं, कोणी ऑस्ट्रेलिया-कॅनडाला, थोडे पोलंडला परतले. १९४८मध्ये छावणी रिकामी होत होती आणि फाळणीने देशोधडीला लागलेली सिंधी कुटुंबं तिथे येत होती. त्यातून गांधीनगर वसलं.

एकाच जागेने पाठोपाठ दोन उद्ध्वस्त समाजांना आसरा दिला. आपल्याला आठवतो मात्र पहिलाच. वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे; ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधान मोदींनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. सप्टेंबर २०१९मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा म्हातारे झालेले पोलिश पाहुणे आले होते. हे व्हायलाच हवं होतं. पण सिंधी माणसाकडे आपण गल्ल्यावरचा व्यापारी म्हणूनच पाहिलं. तो सारं गमावून आला होता, त्याच्या मागे लंडनमधलं कुठलं सरकार नव्हतं, आणि परत जायला सिंधचं दार बंद होतं. पोलिश लोक निघून गेले म्हणून त्यांच्यावर प्रेम करणं आपल्याला सोपं गेलं. सिंधी राहिले, शेजारी झाले, बाजारात स्पर्धक झाले. त्यांचं दुःख ऐकून घ्यायला आपण थांबलो नाही.

यात आणखी एक गोष्ट मला बोचते. १९५१च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तिबेटी आले, श्रीलंकेतले तमिळ आले. दर वेळी त्या त्या सरकारच्या मर्जीने वाट काढली गेली. १९४३मध्येही मित्रराष्ट्राची माणसं होती म्हणून दार उघडलं. ज्यांच्या पाठीशी कोणीच नाही, त्यांचं दार मर्जीवर सोडायचं का, हा प्रश्न वळिवड्याच्या कौतुकात बुडता कामा नये.

राहिलं ते सिंधी शेजाऱ्यांचं ऐकून घेणं. सिंधमधून आईचं बोट धरून आलेली मुलं आता ऐंशीच्या घरात आहेत. बराकीतली पहिली रात्र, पहिलं उधारीवर घेतलेलं कापड, कोल्हापूरच्या बाजारात पहिल्यांदा ऐकलेली मराठी, हे सारं त्यांच्याकडून आताच ऐकून ध्वनिमुद्रित करायला हवं. शिवाजी विद्यापीठ जवळच आहे. इतिहास विभागाचे विद्यार्थी आणि गांधीनगरच्या दुकानांत बसणारी सिंधी नातवंडं मिळून हे काम करू शकतात. त्या आजी-आजोबांना सिंधीत बोलू द्यावं, आणि वळिवड्याच्या वृद्धांनाही सोबत बसवावं, कारण दोन्ही वसाहती त्यांनी कुंपणाबाहेरून पाहिल्या आहेत.