खूण जुळली, फेरा चुकला

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय तिसरा, श्लोक सहावा

आजचा श्लोक दोनच ओळींचा आहे, पण थेट तोंडावर बोलणारा आहे. हात, पाय, वाणी आवरून बसायचं आणि मनात मात्र विषय घोळवत राहायचं, अशा माणसाला भगवंत ‘मिथ्याचार’ म्हणतात. हा श्लोक ढोंगी बाबा-बुवांसाठी असणार असं समजून मी आजवर पुढे सरकत आलो. मागच्या आठवड्यात वाशिमला घरी होतो, तेव्हा तो कोणासाठी आहे ते कळलं. निमित्त बाबांच्या जुन्या स्प्लेंडरचं.

गाडी १९९९ ची. बाबा तिच्यावर दर गुरुवारी मंगरुळपीरमार्गे कारंज्याला जायचे. कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव, तिथल्या गुरुमंदिरातलं दर्शन त्यांनी क्वचितच चुकवलं. (समृद्धी महामार्ग आता कारंज्याजवळूनच जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी. तशीही बाबांना घाई कधी नसते.) डोळ्यांच्या ऑपरेशननंतर ते मागे बसतात. मी घरी असलो की मी नेतो, एरवी दादा.

मी आलो त्या रात्री उत्साहाच्या भरात इंजिन उघडलं. व्हिडिओ बघून टॅपेट सेट केले. चालू केल्यावर थोडी टकटक आली, पण म्हटलं इंजिन थंड आहे, गरम झालं की जाईल. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे ऑइल बदलून घेतलं. गुरुवारी बाबांना घेऊन निघालो आणि मंगरुळपीर रोडला चढावर गाडीचा दम गेला. आवाज तर असा, की कोणी आतून हातोडी मारतंय. अर्ध्यातून परत फिरलो. बाबा काही बोलले नाहीत. चपला काढल्या आणि आत जाऊन पडले.

मग मी काय केलं? ऑफिसमध्ये ज्युनियर पोरांना रोज सांगतो, एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर बग कशाने गेला ते कळणार नाही. इथे मी एका दुपारीत प्लग बदलला, पेट्रोल बदललं, एअर फिल्टर साफ केला, टायमिंग चेनवर संशय घेतला, पिस्टन गेला असेल म्हणालो. दादा फोनवर म्हणाला, “भंगारात दे आता.” सगळं करून झालं आणि मी मिस्त्रींच्या दुकानात जाऊन चार गिऱ्हाइकांसमोर बोललो, की तुम्ही ऑइल हलकं टाकलं म्हणून हे झालं.

ते भांडले नाहीत. लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानाला. आधी खाली, मग बाजूला, शेवटी वर हेडला. “खालून आवाज नाई. बेअरिंग चांगली हाये. आवाज वरून येते, अन् सावकाश येते.” क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह हलवणारा कॅम एकदा फिरतो. म्हणून वरची टकटक खालच्यापेक्षा निम्म्या गतीने पडते. मग त्यांनी विचारलं, “टॅपेट कोनं खोलले होते?”

मी गप्प.

चूक अशी होती. टॅपेट सेट करताना चाकावरची ‘टी’ची खूण खिडकीतल्या रेघेशी जुळवायची असते, म्हणजे पिस्टन अगदी वर आला. पण चार स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, तेव्हा दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. दुसऱ्यांदा धूर बाहेर टाकून झाल्यावर, तेव्हा दोन्ही थोडे उघडे असतात. खूण दोन्ही वेळा तीच दिसते. मी दुसऱ्या फेऱ्यावर टॅपेट सेट केले होते. फिलर गेज बरोबर बसला आणि गॅप साफ चुकला. खूण जुळल्यावर रॉकर हाताने हलवून बघायचे, दोन्ही मोकळे वाजले पाहिजेत. घट्ट असतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्यायचा. एवढी साधी खात्री मी केली नव्हती.

“खून बरोबर होती भाऊ, फेरा चुकला,” ते म्हणाले. आणि वर हेही, की आवाज करणारा टॅपेट परवडला. जास्त घट्ट केला असता तर आवाज झालाच नसता, अन् व्हॉल्व्ह आतल्या आत जळून गेला असता.

घरी येऊन संध्याकाळी नेहमीसारखी माळ घेऊन बसलो आणि तिसऱ्या-चौथ्या मण्याला स्वतःला पकडलं. ओठांवर ‘दिगंबरा’ होतं आणि डोक्यात दादाशी हिशोब चालू होता. बाबांच्या ऑपरेशनला मी किती दिले, त्याने किती दिले, त्याची बायको काय म्हणाली. हे गेलं वर्षभर चालू आहे. पैसे मी १ तारखेला न चुकता पाठवतो. फोनवर “हो दादा, ठीक आहे दादा” म्हणतो. कोणी बघितलं तर म्हणेल, काय गुणी भाऊ आहे. बाहेरून खूण अगदी रेघेवर, आणि या मशीनचा तर आवाजही येत नव्हता.

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यात चौथ्या अध्यायाच्या वेळी ते बाहेरच्या कर्माला मनाची जोड लागते असं सांगतात, त्या जोडीला ते ‘विकर्म’ म्हणतात. पाठवलेले पैसे हे माझं कर्म होतं. जोड होती, पण ती हिशोबाची.

कोणी म्हणेल, मग मन तयार नसेल तर पैसे पाठवू नयेत, माळ ओढू नये का? मला तसं वाटत नाही. मिस्त्रींनी खूण पुसली नाही. त्याच खुणेवर चाक आणखी एक फेरा फिरवून आणलं, एवढंच. माळ तीच, पैसे तेच, दादा तोच.

दुसऱ्या दिवशी आधी दुकानात गेलो. परवाइतकीच माणसं तिथे होती, त्यांच्यासमोरच माफी मागितली. ते “जाऊ द्या ना भाऊ” म्हणाले आणि चहा मागवला. दादाला फोन करायला मात्र रात्र झाली. तीनदा नंबर काढून ठेवून दिला. शेवटी सांगितलं, की मी वर्षभर मनात वही लिहितोय आणि वरून गोड बोलतोय. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, “मीपण लिहितोच आहे.” पुढे काय बोलावं दोघांनाही सुचेना. त्याने विचारलं, गाडीचा आवाज गेला का. म्हटलं, गेला.

या गुरुवारी दादा बाबांना कारंज्याला घेऊन जातोय. मी पुण्याला परत आलोय.

उद्या सातवा श्लोक.

श्रीगुरुदेव दत्त.