वयाचा आकडा आणि शरीराची गंगाजळी

झडपेच्या आजाराने ग्रासलेल्या वृद्धांच्या वाट्याला प्रत्यक्षात कोणते उपचार येतात, याची पाहणी युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी केली होती. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. पाहणीतली माणसं पंच्याहत्तरीची किंवा त्याहून मोठी होती. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप कमालीची अरुंद झालेली, दम लागणं किंवा छातीत दुखणं सुरू झालेलं, म्हणजे झडप बदलण्याची गरज उघड होती. तरीही त्यांतल्या ३३ टक्के रुग्णांवर ऑपरेशन न करण्याचा निर्णय झाला होता. या नकारामागे मधुमेह, फुप्फुसाचे विकार अशा सोबतच्या आजारांचा वाटा असेल असं कुणालाही वाटेल, पण तो त्या मानाने कमी निघाला. ठळकपणे पुढे आल्या त्या दोन गोष्टी : हृदयाच्या डाव्या कप्प्याची घटलेली ताकद आणि वाढलेलं वय.

ही पाहणी मला अस्वस्थ करते, कारण आपल्याकडे हा नकार डॉक्टरांपर्यंत पोचण्याचीही वाट पाहत नाही. ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ हे मुलं म्हणतात, भेटायला आलेले नातेवाईक म्हणतात, आणि पुष्कळदा सगळ्यांच्या आधी आजीच म्हणून मोकळी होते. मुलांच्या खिशाची, सुनेच्या रजेची काळजी तिने त्या वाक्यात आधीच करून टाकलेली असते.

आजार समजून घेतला की या वाक्याची किंमत कळते. निरोगी माणसात ही झडप उघडते तेव्हा रक्ताला तीन ते चार चौरस सेंटिमीटरची वाट मिळते. वाढत्या वयात झडपेच्या पाकळ्यांवर कॅल्शियम साचतं, पाकळ्या ताठ होतात आणि वाट एका चौरस सेंटिमीटरच्याही खाली येते. हृदय अधिक जोर लावून, स्वतःच्या भिंती जाड करून वर्षानुवर्षं निभावून नेतं. त्या काळात तक्रार नसते. तक्रार सुरू झाली की मात्र दिवस भराभर कमी होतात. रॉस आणि ब्राउनवाल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली मांडलेला हिशोब अजून शिकवला जातो : झडप न बदलल्यास छातीत दुखू लागल्यापासून सरासरी पाच वर्षं, शुद्ध हरपू लागल्यापासून तीन, आणि हृदय थकून दम लागू लागल्यापासून जेमतेम दोन. ही झडप पुन्हा मोकळी करणारं औषध अजून निघालेलं नाही.

आणि म्हातारी माणसं दम लपवतात. खोटं बोलून नव्हे, जगणं आवरतं घेऊन. आधी संध्याकाळची फेरी बंद होते, मग देवळात जाणं, मग जिना. लिफ्ट नसलेल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे आजोबा महिनोन्‌महिने खाली उतरत नाहीत आणि ‘दम लागतो का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात. ते खरंच असतं, कारण दम लागेल असं काही ते करतच नाहीत. घरचे समजतात, वय झालं. छातीला स्टेथोस्कोप लावला तर झडपेची खरखर ऐकू येते, इको केला तर आकडे मिळतात. पण त्यासाठी कुणाला तरी शंका यावी लागते.

याचा अर्थ धोका काल्पनिक आहे असा नाही. उघड्या ऑपरेशनमध्ये छातीचं मधलं हाड कापतात, हृदय थांबवतात आणि रक्ताभिसरण काही काळ यंत्रावर सोपवतात. नंतर मूत्रपिंडं रुसतात, फुप्फुसात कफ साठतो, रात्री भ्रम होऊन माणूस नळ्या ओढू लागतो. पन्नाशीचा माणूस यातून उठतो, कारण त्याच्या शरीराकडे अडीअडचणीला काढता येईल अशी गंगाजळी असते. म्हातारपणी ती आटते. मात्र सगळ्यांची सारखी आटत नाही, आणि जन्मतारखेवरून ती किती उरली आहे ते कळत नाही.

शल्यचिकित्सकांना हे अनुभवाने ठाऊक होतं. युरोपात १९९९ साली आलेल्या ‘युरोस्कोर’सारख्या गणितांत वय, मूत्रपिंडांची स्थिती, आधीची ऑपरेशनं असे घटक भरले की मृत्यूच्या धोक्याची टक्केवारी निघे. तीच टक्केवारी असलेल्या दोन ऐंशी वर्षांच्या बायकांपैकी एक दहाव्या दिवशी घरी जाई आणि दुसरी कधीच अंथरुणातून उठत नसे. जुने सर्जन खाटेच्या पायथ्याशी उभं राहून एक नजर टाकत आणि मनाशी ठरवत. ती नजर अनेकदा बरोबर असे. पण तिच्यात पूर्वग्रहही असे, आणि तो तपासायला मोजमाप नव्हतं.

मोजमाप आलं ते २००१ साली. अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षीणतेच्या पाच खुणा ठरवल्या : प्रयत्न न करता घटलेलं वजन, सततचा थकवा, मुठीची कमी झालेली पकड, मंदावलेली चाल, आणि हालचालच कमी होणं. पाचांपैकी तीन असतील तर माणूस क्षीण. माँट्रियलच्या जोनाथन अफिलालो यांनी हा विचार हृदयाच्या ऑपरेशनकडे वळवला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात सत्तरीपुढचे १३१ रुग्ण होते. प्रत्येकाला ऑपरेशनआधी नेहमीच्या वेगाने पाच मीटर चालायला सांगितलं. ज्यांना सहा सेकंद किंवा जास्त लागले, त्यांच्यात ऑपरेशननंतर मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत होण्याचा धोका सुमारे तिप्पट निघाला. रुग्णालयाची मार्गिका आणि एक घड्याळ, एवढ्यावर होणारी ही तपासणी. पुढे २०१७ साली झडप बदलण्यासाठी आलेल्या १,०२० वृद्धांवरचा त्यांचा मोठा अभ्यास आला. त्यात क्षीणतेच्या वेगवेगळ्या मोजपट्ट्या ताडून पाहिल्या. पट्टी बदलली की क्षीण ठरणाऱ्यांचं प्रमाण २६ टक्क्यांपासून ६८ टक्क्यांपर्यंत हलत होतं! सगळ्यांत उपयोगी ठरली ती साधी चौकडी : हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठता येतं का, स्मृती आणि आकलन शाबूत आहे का, हिमोग्लोबिन किती, आणि रक्तातलं अल्ब्युमिन किती.

या चौकडीत वय नाही, याकडे मला लक्ष वेधायचं आहे. वय धोका वाढवतं, पण बरंचसं या चार गोष्टींच्या वाटेने.

मात्र क्षीणता मोजली की काम संपत नाही. ती आली कुठून, हा त्यापुढचा आणि माझ्या मते सर्वांत कठीण प्रश्न. एखाद्या बाई चालत नाहीत, कारण झडप त्यांना चालू देत नाही. चालणं थांबलं म्हणून मांड्या वाळल्या, भूक गेली, वजन घटलं. झडप बदलली तर हा सगळा प्रवास बराचसा उलटा फिरू शकतो. दुसऱ्या बाईही तितक्याच मंद चालतात, पण त्यामागे वाढत चाललेला स्मृतिभ्रंश आहे, फुप्फुसं निकामी होत आली आहेत. त्यांची झडप उत्तम बसेल, इकोवरचे आकडे सुधारतील आणि बाई होत्या तिथेच राहतील. कागदावर दोघी क्षीणच. पहिलीला नाकारणं हा अन्याय आहे, आणि दुसरीवर ऑपरेशन करणं हाही.

छाती न उघडता झडप बसवण्याची सोय आल्यापासून हा प्रश्न जास्त टोकदार झाला. फ्रान्समध्ये रूआँ इथे आलँ क्रिबिए यांनी १६ एप्रिल २००२ रोजी पहिल्यांदा नळीवाटे माणसाच्या हृदयात अशी झडप नेऊन बसवली. आपल्याकडेही आता ‘टावी’ हा शब्द कुटुंबांच्या बोलण्यात येतो. ज्यांच्यावर उघडं ऑपरेशन शक्यच नाही अशा ३५८ रुग्णांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरात नेहमीचे उपचार मिळालेले ५०.७ टक्के रुग्ण दगावले, नळीवाटे झडप मिळालेले ३०.७ टक्के. फरक प्रचंड आहे. पण त्याच रुग्णांची पाच वर्षांनंतरची नोंदही वाचायला हवी : एकीकडे ९३.६ टक्के मृत्यू, दुसरीकडे ७१.८. झडप बदलून मिळते, सोबतचं म्हातारपण बदलून मिळत नाही. ‘ऑपरेशन झेपेल का?’ हा जुना प्रश्न त्यामुळे मागे पडला. ‘झेपल्यावर त्यांना काय करता येईल?’ हा पुढे आला.

आपल्या देशात झडपेची शस्त्रक्रिया वाढली ती तरुणांसाठी. घसा दुखून, सांधे सुजून लहानपणी जडणाऱ्या संधिवाती ज्वराने झडपा बिघडलेल्या रुग्णांसाठी. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने बनवलेली, डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा बसवलेली स्वदेशी झडप त्याच गरजेतून आली. वृद्धांची झडप हा आपल्याकडे तुलनेने नवा विषय आहे, आणि तो खर्चापाशी अडतो. टावीला आजही अनेक लाख लागतात. सत्तरीपुढच्या सर्वांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारतच्या विस्ताराची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे.

पैशांशिवाय होण्यासारखंही बरंच आहे. निर्णय आणि ऑपरेशन यांच्यामध्ये अनेकदा काही आठवडे मिळतात. त्या काळात पंडुरोग शोधून सुधारता येतो, आहारातलं प्रोटीन वाढवता येतं, फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली श्वासाचे आणि उठण्या-बसण्याचे हलके व्यायाम करता येतात. नजरेखालीच, कारण इतक्या अरुंद झडपेवर स्वतःच्या मनाने केलेले श्रम घातक ठरू शकतात. आपल्या घरांतल्या वृद्ध बायकांबद्दल मला इथे विशेष काळजी वाटते. आयुष्यभर सगळ्यांची पानं उठल्यावर जेवलेली बाई सत्तरीनंतर चहात बुडवलेली बिस्किटं आणि आमटी-भातावर दिवस काढते. ‘तिचा आहारच कमी’ असं घरचे कौतुकाने सांगतात. त्या कमी आहाराची नोंद तिच्या अल्ब्युमिनमध्ये झालेली असते.

एवढं झाल्यावर निर्णय कुणी घ्यायचा? आपल्याकडे तो बहुधा तपासणीच्या खोलीबाहेर होतो. थोरला मुलगा डॉक्टरांशी बोलतो, आईला ‘काही नाही, साधं आहे’ सांगतो. हे प्रेमापोटी होतं हे मान्य करूनही मला ते चूक वाटतं. तिला काय हवं आहे ते तिलाच विचारायला हवं. कुणाला नातीच्या लग्नात उभं राहायचं असतं, कुणाला फक्त स्वतःच्या पायांनी न्हाणीघरात जायचं असतं, आणि कुणाला रुग्णालयच नको असतं. पहिल्या दोघींना डॉक्टरांनी नेमकं सांगावं की ते मिळण्याची शक्यता किती. तिसरीचा नकार समजून-उमजून दिलेला असेल तर तो मानावा, आणि मानल्यावर तिला वाऱ्यावर सोडू नये. पायांवरची सूज उतरवणारी औषधं, दम कमी करणारे उपाय, घरी येऊ शकणारी परिचारिका, रात्री-अपरात्री दम वाढला तर फोन कुणाला करायचा याचा लेखी कागद, हे सगळं तिच्या हातात त्याच भेटीत पडायला हवं.