थकणं म्हणजे गद्दारी काय?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रपाळी संपवून घरी न जाता तसाच एसटीनं एका खेड्यात गेलो. बरोबर अजून एक जण होता. बांधाच्या भांडणाचं निमित्त करून आपल्या एका घरातल्या तिघांना मारलं होतं. त्या घरातली आजी सांगत होती. काठी कुणी आणली, सुनेचे केस कुणी धरले, कुठली शिवी दिली. जातीवरून दिलेली शिवी आहे तशी लिहून घ्यावी लागते, नाहीतर पुढं कोर्टात पाय घसरतो. मी लिहीत होतो. आजी रडत होती. आणि मी मनातल्या मनात हिशेब करत होतो, साडेपाचची शेवटची गाडी चुकली तर आजची पाळी बुडणार.

मला काहीच वाटत नव्हतं. राग नाही, दुःख नाही, लाजसुद्धा नाही. आजीनं माझं मनगट धरलं. म्हणाली, ''लेकरा, ऐकतोयस न्हवं?'' मी म्हटलं, ''ऐकतोय आजी, पुढं सांगा.'' खोटं बोललो.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर आहे. एकेका साच्यावर हजाराच्या आसपास चात्या गरगरत असतात. कापसाचा धागा पीळ घेत बॉबिनवर चढतो. तो तुटला की जाऊन सांधायचा, हेच माझं काम. आठ तास साच्यांच्या मधल्या गल्लीत फिरायचं आणि तुटलेला धागा शोधायचा. यातली गंमत अशी, की धागा तुटला तरी चाती थांबत नाही. ती तेवढ्याच जोरात फिरत राहते. लांबून बघणाऱ्याला वाटतं, साचा झकास चाललाय. जवळ जाऊन बघावं तेव्हा कळतं, बॉबिन भरतच नाहीय.

त्या दिवशी आजीसमोर मी तसा फिरत होतो.

आता दुसऱ्याची गोष्ट सांगतो, कारण तिच्यात माझा गुन्हा आहे. आमच्यातलाच एक जण. नाव घेत नाही, तो हक्क माझा नव्हे. सात-आठ वर्षं हा माणूस शवागाराच्या दाराशी रात्र रात्र बसला. प्रेत ताब्यात घ्यायचं की गुन्हा नोंदवल्याशिवाय घ्यायचं नाही, हे रडणाऱ्या आईला समजावत बसला. पंचनामे पाठ, कलमं पाठ. मग एका बैठकीला तो आला नाही. दुसऱ्या बैठकीलाही नाही. फोन उचलेना. टपरीवर चहा पिताना कुणीतरी विचारलं, हा गेला कुठं? मी म्हटलं, ''गप बसलाय म्हणजे कुठंतरी सेटिंग झालं असणार.'' मीच. मला कवी म्हणतात, म्हणून माझी वाक्यं लवकर पसरतात. महिन्याभरात तालुक्यात झालं, अमका विकला गेला.

चळवळीत थकलेल्या माणसाला आपण काय म्हणतो बघा. मवाळ. घरबशा. विकाऊ. मध्यमवर्गी. सगळ्या शिव्या. 'थकलाय' हा साधा शब्द आपल्या तोंडात येत नाही. चौकातल्या कट्ट्यावर बसून आपण माणसाचा निकाल लावतो, पण त्याच्या दारात जाऊन उभं राहत नाही.

सहा महिन्यांनी मी त्याच्या घरी गेलो, तेही दुसऱ्याच कामासाठी. वहिनींनी दार उघडलं. म्हणाल्या, ''भावजी, रातभर लाईट लावून बसत्यात. पोरगं जोरात हसलं तरी दचकत्यात. तुमच्यातलं कुणी बघायला आलं न्हाई.'' तो आत कॉटवर बसला होता. मला बघून हसला. मोबाइल बंद करून कपाटात टाकला होता. त्या मोबाइलवर दोन वर्षांत किती फोटो आले असतील! फुटलेली डोकी, जळालेली घरं, लटकलेली पोरं. आपणच पाठवतो, रात्री बारा वाजता, 'जास्तीत जास्त शेअर करा' असं लिहून. मीही पाठवलेत.

या अवस्थेला डॉक्टर लोकांनी नाव दिलंय, बर्नआउट. जळून जाणं. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसोपचाराच्या माणसानं त्यावर पहिल्यांदा लिहिलं. न्यूयॉर्कमधल्या एका फुकट दवाखान्यात गरीब आणि नशेत अडकलेल्या पोरांसाठी काम करणारे कार्यकर्ते त्यानं बघितले होते, आणि तो स्वतःही त्यातूनच गेला होता. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनं याला कामाशी जोडलेली अवस्था म्हणून आपल्या यादीत घातलं, आजार म्हणून नव्हे. खुणा तीन: अंगातलं सगळं संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि हातून काम नीट न होणं. तिन्ही मला लागू पडतात. फक्त ही व्याख्या नोकरी-धंद्यातल्या कामापुरती आहे. आपल्या कामाला मस्टर नाही, पगार नाही, तेव्हा आपण जळलो तर ते कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि आपला फरक तेवढाच नाही. बाहेरून मदतीला येणारा कार्यकर्ता संध्याकाळी आपल्या घरी जातो. आपण कुठं जाणार? मार खाल्लेला आणि फिर्याद लिहून घेणारा एकाच वस्तीतले, बऱ्याचदा एकाच आडनावाचे. त्या आजीच्या जागी मला माझी आजी दिसायला हवी होती. खरं म्हणजे ती दिसू नये म्हणूनच माझ्या मनानं दार लावून घेतलं असेल.

यावर बाजारात औषध आहे. माइंडफुलनेस. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यानं आणि ताणानं गांजलेल्यांसाठी ते सुरू केलं. मूळ आपल्याच बुद्धाच्या सतीचं. तिथून ते कंपन्यांत गेलं. आमच्या गिरणीतही एकदा तणावमुक्तीचं शिबिर झालं. डोळे मिटा, श्वासाकडं लक्ष द्या. कापसाची उडती धूळ नाकात जात होती, त्यामुळं श्वासाकडं लक्ष आधीपासूनच होतं! दहा मिनिटांनी डोळे उघडले तर साचे तेवढेच, माणसं एक कमी.

म्हणून आपले बरेच जण ध्यान म्हटलं की उसळतात. विपश्यनेवरून आपल्यात भांडणं आहेत, ती मला ठाऊक आहेत. गोएंका गुरुजींनी १९६९ साली भारतात शिबिरं सुरू केली, १९७६ पासून इगतपुरीला केंद्र आहे. पैसे मागत नाहीत, हे खरं. पण दहा दिवसांची रजा गिरणीवाला कुणाला देतो? ज्याला जमेल त्यानं जावं, मी हसणार नाही. उसळणाऱ्यांच्या बाजूलाही जोर आहे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थानं घर सोडलं ही गोष्ट मानली नाही. त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांचं भांडण पुढं ठेवलं. सिद्धार्थानं युद्धाला नकार दिला, घरादारावर बहिष्काराची वेळ आली, म्हणून तो बाहेर पडला. म्हणजे आपला बुद्ध पाण्याच्या भांडणातून निघालेला आहे. त्याला डोळे मिटून कोपऱ्यात बसवता येणार नाही.

पण म्हणून सतीच फेकून द्यायची? अष्टांग मार्गातली सम्मा सती बाबासाहेबांनी गाळलेली नाही. मन सतत जागं ठेवणं, असाच तिचा अर्थ त्यांनी घेतला. जागं राहायचं तर डोळे मिटलेच पाहिजेत असं कुठंय? साच्यांच्या गल्लीत फिरताना मी दुसरं काय करतो? धागा कुठं तुटला ते बघणं, ही सती. आठ तास गिरणीच्या धाग्यांसाठी करतो, स्वतःसाठी एक मिनिट केली नाही.

संयुत्त निकायात एका डोंबाऱ्याची गोष्ट आहे. तो बांबू उभा करतो आणि शागिर्दाला म्हणतो, चढ, माझ्या खांद्यावर उभा राहा; तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो, खेळ करू, पैसे मिळवू आणि सुखरूप उतरू. शागिर्द म्हणतो, उस्ताद, असं नाही जमायचं. तुम्ही तुमचा तोल बघा, मी माझा बघतो, तरच दोघं सुखरूप उतरू. बुद्ध शागिर्दाची बाजू घेतो. मग त्याच्या पुढं जाऊन सांगतो, की जो स्वतःला जपतो तो दुसऱ्याला जपतो आणि जो दुसऱ्याला जपतो तो स्वतःला जपतो. पालीत त्या डोंबाऱ्याला 'चंडालवंसिक' म्हटलंय. वंस म्हणजे बांबू, आणि चंडाल म्हणजे कोण ते तुम्हाला सांगायला नको. सतीचा धडा बुद्धानं दिला तो पोटासाठी बांबूवर चढणाऱ्या आपल्याच माणसाच्या तोंडून. कंपनीच्या शिबिरात हे सांगत नाहीत.

आपण मात्र बांबूवर चढलेल्या माणसाला खालून घोषणा देतो. तोल गेला की म्हणतो, उडी मारली साल्यानं!

विनयातली दुसरी गोष्ट याहून कडक आहे. एक भिक्खू हगवणीनं आपल्याच घाणीत पडला होता. बाकीचे त्याच्याकडं बघत नव्हते, का तर तो संघाच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला लावलं. दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून विचारलं, इथं तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? माझ्या मित्राच्या घरी गेलो त्या रात्री हीच गोष्ट माझ्या डोक्यात घण घालत होती. तोही आमच्या उपयोगाचा राहिला नव्हता.

कुणी म्हणेल, सावित्रीमाई थकल्या काय? १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता त्या गेल्या. नारायण मेघाजी लोखंडेही त्याच साली, त्याच प्लेगमध्ये गेले. अत्याचाराला साप्ताहिक सुट्टी नसते, मग आपल्याला कशी? मीही असंच बोलायचो, भाषणात टाळ्या पडायच्या. पण याच लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी मालकांशी भांडून १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणायचा कायदा पुढं रेटला, तो १९४६ साली झाला. ज्यांनी विश्रांती हा हक्क म्हणून मिळवून दिला, त्यांचं नाव घेऊन आपण एकमेकांची विश्रांती काढून घेतो. मालकाकडं आठ तास मागतो आणि आपल्या पोराकडून चोवीस घेतो. आणि बायांचं तर विचारूच नका. बैठकीत आम्ही पुरुष थकव्यावर चर्चा करतो तेव्हा चहा कोण करत असतं?

बाबासाहेबांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल नानकचंद रत्तूंनी लिहून ठेवलंय. हा कारवाँ पुढं न्या, नेता आला नाही तर आहे तिथं ठेवा, पण मागं जाऊ देऊ नका, असा निरोप १९५६ साली बाबासाहेबांनी त्यांच्याजवळ दिला. तो आपण भिंतीवर लावतो, कॅलेंडरवर छापतो. तो देताना बाबासाहेब रडत होते, हेही रत्तूंनीच लिहिलंय. ते आपण छापत नाही. मधुमेहानं शरीर पोखरलेलं, डोळे अधू, पुस्तकं अपुरी, आणि माणसं आपापल्या खुर्च्यांमागं. रडणारे बाबासाहेब आपल्याला का चालत नाहीत? ते चालले असते तर त्या मित्राला लाईट लावून एकटं बसावं लागलं नसतं.

आता आम्ही थोडं बदललोय, फार नाही. खेड्यात कुणी एकटं जात नाही. एकापाठोपाठ दोन प्रकरणांत गेलेल्याला तिसऱ्याला पाठवत नाही. तो हट्ट करतोच, तरी नाही. परत आला की कुणीतरी त्याच्या घरी जातं, केसचं विचारायला नव्हे, जेवलास का, झोप लागली का, एवढंच विचारायला. रात्री दहानंतर फोटो पाठवायचे नाहीत, असं ठरलंय. यावर दोघं रागावून निघून गेले. आम्ही बुळे झालो म्हणाले. त्यांच्याही घरी गेलो, ते अजून बोलत नाहीत. झोपच येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस फोन आहे. त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. डॉक्टरकडं गेलेला माणूस वेडा नसतो, हे आधी आपल्या घरात बोलायला शिका.

आजीकडं मी महिन्यानं परत गेलो. वही नेली नाही. तिनं भाकरी वाढली. केसबद्दल ती एक शब्द बोलली नाही, तिच्या म्हशीबद्दलच बोलत राहिली. निघताना एसटीत मला रडू आलं, कंडक्टर बघत होता.

मित्राकडं दर रविवारी जातो. तो आता अंगणात बसतो. पोराच्या वहीला कव्हर घालून देतो. मधे एकदा त्यानं विचारलं, माझ्याबद्दल ते विकला गेल्याचं कुणी काढलं होतं रे? मी म्हटलं, जाऊ दे, लोक काय वाटेल ते बोलतात.

अजून त्याला सांगितलेलं नाही. हा अंक निघाला की पहिली प्रत त्याच्याकडंच घेऊन जाणार आहे.