जुम्मा दरवाजाचा सवाल

गांधीबागेपासून जवळच, महालात असलेला गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. १६ डिसेंबरला राजे आप्पासाहेब स्वतः इंग्रजांच्या स्वाधीन झाले. शहरातल्या अरब आणि हिंदुस्थानी शिपायांनी मात्र हत्यारे टाकली नाहीत. २४ डिसेंबरला याच दरवाजावरचा हल्ला त्यांनी परतवला. कुटुंबकबिल्यासह सुखरूप जाण्याची हमी मिळाली तेव्हाच, ३० डिसेंबरला, त्यांनी शहर सोडले.

याला इमान म्हणावे की सौदा? कोणी म्हणेल, ते तर भाडोत्री. खरे आहे; पण कंपनीच्या पलटणीतले हिंदू-मुसलमान शिपाईही पगारीच होते. मग पगार देणारा शरण गेल्यावरही हे का लढले? धन्याच्या मिठासाठी, बायकामुलांसाठी, की अब्रूसाठी? आम्हाला वाटते, माणसाच्या इमानात हे सारेच मिसळलेले असते.

देशप्रेमाचा दाखला मागितला गेला की आपण असे शिपाई साक्षीला उभे करतो. हा मोह आपण आवरावा. त्यांची आठवण जरूर ठेवावी, पण माणसे म्हणून. आपले नागरिकत्व त्यांच्या रक्ताच्या पावतीवर टिकलेले नाही.