चित्राची कड

शासकीय रेखाकला परीक्षांची तयारी केलेल्या कुणालाही रचनेचे पहिले धडे पाठ असतात. वस्तुचित्रातल्या वस्तू फार लहान यायला नकोत, कडेला चिकटायला नकोत. सगळ्यांना मिळून आधी एक फिकट चौकोन आखायचा आणि मग आत शिरायचं. स्मरणचित्राचं गणित आणखी पक्कं. तीन माणसं तरी हवीत, एक पुढे मोठं, दोन थोडी मागे, पाठीमागे झाड किंवा दुकान. विषय बाजाराचा असो की एसटी स्टँडचा, कागद भरतो. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट मी याच शिकवणुकीवर दिल्या आणि तिचं मोल मला आजही वाटतं. कोऱ्या कागदासमोर बसलेल्या शाळकरी मुलीला सुरुवात कुठून करायची, हे त्या शिकवणुकीने सांगितलं. रचना म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिची जागा देणं, एवढी माझी तेव्हाची समज होती.

कलामहाविद्यालयात आल्यावर हातात कॅमेरा आला आणि ही समज अपुरी पडू लागली. कागद आधी रिकामा असतो, त्यावर मी एकेक वस्तू आणून ठेवते. कॅमेऱ्याची चौकट डोळ्याला लावल्याक्षणी गच्च भरलेली असते. पुण्यातल्या महात्मा फुले मंडईत आम्ही स्केचिंगला जातो. 1886 साली सुरू झालेली ती अष्टकोनी इमारत, आत ओट्यांवर उंच बसलेले भाजीवाले. चित्र काढताना मी एखाद्या भाजीवाल्या मावशींना घेते, त्यांचा तराजू घेते, एक गिऱ्हाईक घेते. फोटोत त्यांच्याबरोबर मागचे क्रेट, खांबावरची जाहिरात, कुणाचं तरी कोपर, हे सगळं न बोलावता येतं. खोडरबर चालत नाही. दोन पावलं सरकायचं, गुडघ्यावर बसायचं, पुढे जायचं, नाहीतर थांबायचं. चित्रातली रचना हाताने होते, फोटोतली पायांनी. हे कळल्यावर मला रचना ही निवडून बाहेर ठेवण्याची कला वाटू लागली.

बाहेर काय ठेवायचं हे ठरवायला मदत म्हणून कॅमेऱ्याच्या पडद्यावर नऊ घरांची जाळी मिळते. विषय मधोमध न ठेवता उभ्या-आडव्या तिसऱ्या भागावर ठेवावा, हा नियम फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात सांगतात. तो आला कुठून हे शोधताना मला जॉन थॉमस स्मिथ हा इंग्रज चित्रकार सापडला. त्याने 1797 साली ग्रामीण दृश्यांवरच्या आपल्या पुस्तकात ही तिसऱ्या भागाची वाटणी मांडली. फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला तो 1839 मध्ये. म्हणजे नियम कॅमेऱ्याहून जुना आहे आणि त्याचा जन्म निसर्गचित्रात झालेला आहे. तिथे तो मला पटतो. जमीन किती, आकाश किती, हा निसर्गचित्रातला पहिलाच प्रश्न असतो आणि दोघांना निम्मं-निम्मं दिलं की चित्र अडून बसतं. पण मंडईत क्षितिजच नाही. तिथे ओट्यांच्या ओळी आहेत, वरून येणारा उजेड आहे आणि सतत हलणारी माणसं आहेत. ती जाळी अशा ठिकाणी फारसं काही सांगत नाही.

त्याहून जास्त मला शिकवलं ते फोटो उलटा धरून बघण्याने. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांच्या मागच्या काचेवर दृश्य उलटंच उमटायचं आणि फोटोग्राफर डोक्यावरचं काळं कापड ओढून त्या उलट्या दृश्याचीच रचना करायचे. मंडईतला फोटो असा फिरवला की मावशी, मिरच्या, तराजू ही नावं गळून पडतात. उरतो खालच्या बाजूला एक काळा ढीग, मधून तिरका जाणारा उजेडाचा पट्टा आणि एका कोपऱ्यात अडकलेला पिवळा तुकडा. नजर कुठे ओढली जाते ते तेव्हा स्वच्छ दिसतं. माझ्या फोटोंमध्ये ती बहुतेक वेळा मधल्या माणसापेक्षा कडेकडे जात होती, कारण तिथे काहीतरी अर्धवट कापलं गेलेलं असे.

इथून कड हाच माझ्यासाठी रचनेचा मुख्य प्रश्न झाला. एदगार देगाचं 1875 सालचं ‘प्लास द ला काँकॉर्द’ हे चित्र मी छापील प्रतीवरून पुन्हा पुन्हा बघितलं. एक गृहस्थ, त्याच्या दोन मुली, एक कुत्रा. सगळे वेगवेगळ्या दिशांना तोंड करून. मधे चौकाची मोठी मोकळी जमीन, आणि डाव्या कडेला एक माणूस उभा कापलेला. परीक्षेच्या नियमांनी बघितलं तर हे स्मरणचित्र गुणांना मुकेल. मला मात्र त्या कापलेल्या माणसामुळे चित्राबाहेरही पॅरिस पसरलेलं आहे याची खात्री पटते. देगावर जपानी ठशांचा आणि फोटोग्राफीचा प्रभाव होता असं कलेतिहास सांगतो. माझ्या वहीत तो प्रवास सरळ दिसत होता: कॅमेरा वापरायला लागल्यापासून माझ्या स्केचमधल्या टोपल्या कडेला अर्ध्या कापल्या जाऊ लागल्या, पाठमोरी माणसं खांद्यापासून आत येऊ लागली.

प्रभाकर बरवे यांच्या चित्रांनी याच काळात दुसऱ्या बाजूने खेचलं. त्यांच्याकडे एखादं घड्याळ, एखादं पान, एखादं पीस मोठ्या सपाट अवकाशात सुटं असतं, आणि त्या वस्तूंमधलं अंतर त्या वस्तूंइतकंच बोलतं. त्यांचं 1990 साली आलेलं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक चित्रकलेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने मराठीत वाचावं असं आहे. चित्रकार स्वतःच्या विचाराचा माग इतक्या धीराने घेतो, हे आपल्याकडे दुर्मीळच. त्यानंतर मी मंडई जवळजवळ रिकामी काढून पाहिली. कागदाच्या वर एक तराजू, खूप खाली एक हात, मधे काही नाही.

मग अजिंठा. सतराव्या लेण्यातल्या भिंतींसमोर, मंद उजेडात, मला माझी सवयीची चौकट लावताच येईना. कॅमेऱ्याने कुठलाही तुकडा उचलला तरी तो शेजारच्या प्रसंगात शिरलेला असायचा. तिथे प्रसंगांना आखलेल्या चौकटी नाहीत. एखादा खांब, दरवाजा, झाड किंवा खडक एवढीच काय ती विभागणी. एकच राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा दिसतो. कलेतिहासकार विद्या देहेजिया यांनी या मांडणीला कथनाचं जाळं म्हटलं आहे: गोष्ट काळाच्या क्रमाने लावलेली नाही, ती जागांप्रमाणे लावली आहे. राजवाड्यात घडलेलं एकत्र, रानात घडलेलं एकत्र, मग त्यात कितीही वर्षांचं अंतर का असेना.

हे वाचलं आणि मला माझी मंडईतली स्केचेस नव्याने दिसली. भाजीवाल्या मावशी तासन्‌तास एका जागी बसतात, गिऱ्हाईक मात्र थांबत नाही. म्हणून माझ्या चित्रातलं गिऱ्हाईक एक नसतंच. पिशवी एका बाईंची, हात नंतर आलेल्या आजोबांचा, वाकलेली मान आणखी तिसऱ्या कुणाची. ओटा एक, वेळा अनेक. फोटोत एका क्षणातलं सगळं एकत्र येतं. माझ्या चित्रात एका जागेतलं सगळं एकत्र येत होतं आणि हा फरक माझ्या हाताला माझ्या आधीच ठाऊक होता. दोन्हीकडे रचना हाच शब्द वापरत असल्यामुळे मी दोन्हींना एकच पट्टी लावत होते.

चौकट नसताना ती भिंत विस्कटत का नाही, हे समजायला मी तिथे बसून फक्त डोळ्यांच्या दिशा काढल्या. माणसं सोडून दिली, नुसते बाण. कोण कुणाकडे बघतं, कुणाचा तळवा कुठे वळलाय, कुणाची मान खाली गेली आहे. भिंतीवरचं मुख वळतं आणि बघणाऱ्याला पुढच्या माणसाकडे सोपवतं. तो माणूस पाठमोरा झाला की प्रसंग बदलतो. कडेचं काम तिथे नजरा करतात. मंडईतही हेच चालू असतं. मावशी काट्याकडे बघतात, गिऱ्हाईक त्यांच्या हाताकडे, शेजारच्या ओट्यावरचे काका गिऱ्हाईकाकडे. व्यवहाराची ही साखळी मी आधी कितीदा तरी काढली होती. पण तीच रचना आहे, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

आता मी लांब पट्टीवर काम करते आहे. कागदाचे तुकडे आडवे जोडत जायचे आणि ओट्यांची एक अख्खी ओळ काढायची. फोटो काढते ते नजरांची टिपणं म्हणून, कारण नजर क्षणात बदलते आणि पेन्सिल तिच्यामागे पोचत नाही. आमच्या सरांना पट्टी आवडली आहे, शेवट मात्र खटकतो. उजव्या टोकाला बसलेला कोथिंबीरवाला कागदाबाहेर बघतो आहे. त्याचं तोंड आत वळवलं नाही तर बघणारा तिथून चित्र सोडून निघून जाईल, असं त्यांचं म्हणणं. धडा म्हणून ते अगदी खरं आहे. पण मंडईत त्याच्या उजवीकडे लिंबांचा ओटा आहे, आणि तो लिंबूवाल्याशी सुट्या पैशांचं बोलत असतो. मी त्याला तसाच ठेवला आहे आणि उरलेला कागद मोजते आहे, लिंबांचा ओटा पुढे जोडता येतो का ते बघायला.