सावधपण

घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, आणि बोहल्यावरून निघून गेलेल्या नारायणाची, म्हणजे लहानपणच्या समर्थांचीच, आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत; पण साधकहो, तिच्यातली एक गोष्ट ऐकता ऐकता निसटून जाते, ती ही, की मंगलाष्टकांतला ‘सावधान’ हा शब्द त्या मांडवात सगळ्यांच्याच कानी पडला होता, भटजींच्या, वऱ्हाडाच्या, अक्षता मुठीत धरून उभ्या पोरासोरांच्याही, आणि तरी सावध झाला तो एकटाच. ऐकणे आणि सावध होणे यांतले हे अंतर देहाच्या बाबतीतही तितकेच खरे आहे. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थ आध्यात्मिक तापाखाली देहाच्या व्याधी एकेक करून मोजत जातात, ते काही उगाच नव्हे.

या व्याधींतला मधुमेहच घ्या. तो बोलत नाही असे नाही, पण तो ज्या खुणांनी बोलतो त्या प्रत्येक खुणेला आपल्याकडे एक उत्तर आधीच तयार असते. तहान लागली, तर जालन्याचा उन्हाळाच तसा. रात्रीतून चारदा लघवीला उठावे लागले, तर वय झाले. कापूस वेचून आल्यावर अंग गळून गेले, तर कोणाचे गळत नाही. सदरा सैल झाला, तर कर्जाची काळजी. डोळ्यांपुढे अंधुक दिसले, तर चष्म्याचा नंबर. तळपायांना मुंग्या आल्या, तर अशक्तपणा. पायाची जखम महिना महिना चिघळली, तर चपलेचा दोष. आणि नाजूक जागेची खाज तर बाईमाणूस कोणापाशी बोलतच नाही. यातले एकेक उत्तर खोटे नसते, म्हणून तर ते पटते. सावधपण म्हणजे घाबरणे नव्हे. पटलेले उत्तर पुन्हा एकदा तपासून पाहणे, एवढेच ते.

आणि या तहानेवर आपण उपाय काय करतो? ज्या मोसंबीने जालन्याचे नाव केले तिचाच रस, नाहीतर उसाचा, नाहीतर बाटलीतले थंड, आणि वर दोन कप गोड चहा. म्हणजे जी साखर तहान लावते तीच तहानेवर ओतायची.

आता थोडे खोल उतरू. चरकसंहितेने प्रमेहाच्या पूर्वरूपांत तहान, घशाची कोरड, हातापायांची आग आणि लघवीला लागणाऱ्या मुंग्या सांगितल्या आहेत, आणि हे निरीक्षण थोर आहे. पण रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही, ती लघवीवाटे जाऊ लागते आणि जाताना पाणी ओढून नेते. तहान लागते ती त्यानंतर. उपाशीपोटी साखर १२६ वा त्याहून अधिक, आणि तीही दुसऱ्या तपासणीत तशीच आढळली, की वैद्यक त्याला मधुमेह म्हणते. मग १२६ आणि १८० यांच्या मधल्या टप्प्याचे काय? तिथे माणूस वर्षानुवर्षे निवांत असतो. आपण जिला पहिली हाक समजतो ती बरेचदा पहिली नसतेच.

त्याहूनही आधीच्या खुणा आहेत, पण त्या दुखत नाहीत. मानेमागची किंवा काखेतली कातडी काळसर, मखमलीसारखी जाड होते, आणि घरातले लोक मुलाला नीट घासून आंघोळ कर म्हणतात. ती मळाची रेघ नव्हे, इन्सुलिनला शरीर दाद देईनासे झाल्याची ती खूण असू शकते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० च्या पुढे जाणे, आई किंवा वडिलांना शुगर असणे, गरोदरपणात साखर वाढलेली असणे, या गोष्टींना आपण लक्षण म्हणत नाही, पण सावध माणूस त्यांच्यापाशी थांबतो.

म्हणून सावधपणाचा सर्वांत आतला पदर हाच, की हाक येण्याची वाटच पाहू नये. तिशी ओलांडली की काही होत नसतानाही शुगर तपासावी. आशाताई फॉर्म भरायला, कंबर मोजायला दारात येतात तेव्हा ‘मला कुठे काय झालंय’ म्हणून त्यांना परतवू नये, आणि उपकेंद्रात बोटाला सुई टोचून घ्यायला लाजू नये. उपाशीपोटी १०० ते १२५ दरम्यान आकडा आला तर तो रोग नव्हे, उंबरठा आहे. वजन थोडे उतरवून, रोज चालून, ताटातला भात आणि गोड आवरून तिथून पुष्कळजण मागे फिरलेले आहेत.