मनाची खतावणी

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला हिशेबशास्त्राचं एक तत्त्व शिकवलं होतं. होण्याचा संभव असलेला प्रत्येक तोटा आधीच हिशेबात धरावा; होण्याचा संभव असलेला नफा मात्र हातात पडेपर्यंत धरू नये. इंग्रजीत याला कॉन्झर्व्हेटिझम म्हणतात. हे तत्त्व पाळणारा व्यापारी सहसा बुडत नाही, असं पुस्तकात होतं. तो कधी हसतो की नाही, हे मात्र पुस्तकात नव्हतं, आणि परीक्षेला तो प्रश्न येत नसल्यामुळे आम्हीही कुणाला विचारलं नाही.

हे तत्त्व खरं म्हणजे कंपन्यांसाठी आहे. पण माझ्या पाहण्यात ते सर्वांत काटेकोरपणे पाळतात ती वीस ते पंचवीस वयाची मुलं. मग त्यांनी कॉमर्स कॉलेजचं तोंड पाहिलेलं नसलं तरी चालतं. मित्राला निरोप पाठवला, त्याने तो वाचल्याच्या दोन निळ्या खुणा उमटल्या आणि अर्ध्या तासात उत्तर आलं नाही, की मैत्री तुटल्याची तरतूद ताबडतोब! मुलाखतीचं बोलावणं आलं नाही, की जन्मभर बेकार राहण्याची तरतूद. आणि मुलाखत चांगली झाली तर? ‘अजून कळवलंय कुठे? उगीच कशाला बोला!’ म्हणजे नफा हातात पडेपर्यंत धरायचा नाही. न आलेल्या तोट्याची ही तरतूद म्हणजे काळजी. आणि एक कर्ज बुडालं म्हणून आख्खी शाखाच बुडीत खात्यात टाकणं म्हणजे खिन्नता. मानसशास्त्रज्ञ याहून चांगल्या व्याख्या देतील, पण काउंटरवरच्या माणसाला एवढ्या पुरतात.

यावर औषध एकच, असं सगळे म्हणतात : परिस्थितीकडे वेगळ्या नजरेने बघ. पण नजरेचे हे चष्मेही नाना प्रकारचे असतात आणि प्रत्येकाला प्रत्येक चष्मा लागतोच असं नाही.

पहिला प्रकार आपला घरगुती. मी त्याला ‘निदान’ पद्धत म्हणतो. पाय मोडला? निदान डावा मोडला. पाकीट मारलं? निदान घराची किल्ली दुसऱ्या खिशात होती. दुसरी पद्धत तिची सख्खी बहीण : ‘जे होतं ते चांगल्यासाठीच होतं!’ तिच्यात ते चांगलं कोणतं हे सांगण्याची जबाबदारी सांगणाऱ्यावर नसते, ही तिची मोठी सोय.

माझा भाचा पुण्याला सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. वय चोवीस. दुसऱ्या खेपेला पूर्व परीक्षेत दोन गुणांनी राहिला आणि चार दिवस आमच्याकडे आला. बातमी चाळीत पसरली आणि समाचाराला माणसं येऊ लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘निदान तुझे वडील खंबीर आहेत, काहींना तेवढंही नसतं.’ वरच्या मजल्यावरचे नाना म्हणाले, ‘सीमेवरच्या जवानांकडे बघ. तुझं दुःख ते काय!’ सौ. म्हणाली, ‘होतं ते चांगल्यासाठीच,’ आणि त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली. यातली पोळी तेवढी त्याला लागू पडली. रात्री गच्चीवर तो मला म्हणाला, ‘मामा, सकाळी मी नुसता नापास होतो. आता नापास आणि कृतघ्न, दोन्ही आहे.’

या वाक्याने मला जागं ठेवलं. आपण ज्याला धीर देणं म्हणतो, ते कित्येकदा समोरच्याच्या खात्यात अपराधाची एक जादा रक्कम नावे टाकणं असतं.

तिसरा प्रकार परदेशात शास्त्रशुद्ध झाला. त्याचे एक प्रवर्तक अल्बर्ट एलिस. यांच्याबद्दल मला खास जिव्हाळा आहे, कारण मनाचे डॉक्टर होण्यापूर्वी, १९३४ साली, त्यांनी पदवी घेतली ती व्यापारविषयाची! म्हणजे माणूस आपल्यातलाच. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलण्याची विलक्षण भीती वाटे. मग न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात ते महिनाभर रोज जाऊन बसले आणि बाकावर दिसेल त्या स्त्रीशी बोलायचं, असा त्यांनी नेम केला. त्यांनीच सांगितलेला आकडा असा : गाठल्या १३०, उठून गेल्या ३०, बोलल्या १००, पुन्हा भेटायचं कबूल केलं एकीने, आणि तीही आली नाही! आमच्या शाखेने ठेवी गोळा करण्याच्या मोहिमेत असा निकाल दाखवला असता तर मॅनेजरची बदली झाली असती. एलिसनी मात्र नोंद केली, की शंभर जणी बोलल्या, कुणी पोलिसांना बोलावलं नाही आणि आकाशही कोसळलं नाही. त्यांची भीती गेली.

पुढे १९५५ च्या सुमाराला त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. मराठीत आपण तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतो. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती आपल्याकडे रुजवली. तिचं सूत्र थोडक्यात असं : घटना आपल्याला रडवत नाही, घटना आणि रडणं यांच्या मध्ये एक समजूत बसलेली असते, ती रडवते. ‘पास व्हावं’ ही इच्छा झाली. ‘पास झालंच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल’ हा हुकूम झाला. दुःख करायचं ते इच्छा पुरी झाली नाही म्हणून करा, पण हुकूम रद्द करा. फिलाडेल्फियाच्या ॲरन बेक यांनी साठीच्या दशकात जवळपास असाच रस्ता धरला. ते म्हणत, मनात आलेला विचार हा निकाल नव्हे, नुसता दावा आहे. त्याला पुरावा मागा.

पुरावा म्हणजे आमच्या भाषेत व्हाउचर. ही गोष्ट मला जमण्यासारखी होती. दुसऱ्या दिवशी मी भाच्याला कागद दिला आणि म्हणालो, ‘‘सगळं संपलं’ म्हणतोस ना? त्या ‘सगळं’ची तेरीज काढ.’ त्याने चार कलमं लिहिली. एक, मी नापास झालो. दोन, बाबांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तीन, माझं आयुष्य फुकट गेलं. चार, पुढच्या वर्षीचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बाबांकडे कोणत्या तोंडाने मागू?

पहिल्या कलमाला व्हाउचर होतं : निकालाची यादी. खरं कलम, खोडायचं नाही. दुसऱ्याचं व्हाउचर मागितलं तेव्हा तो गप्प झाला. आदल्या रात्री मेहुण्यांचा फोन आला होता आणि ‘जेवलास का? तिकडे थंडी आहे, स्वेटर नेलायस का?’ यापलीकडे त्यांनी काही विचारलं नव्हतं. तिसऱ्या कलमाला तर व्हाउचर असणंच शक्य नव्हतं. चोविसाव्या वर्षी आयुष्याचा ताळेबंद कोण मांडतो? एकाच नापासाची रक्कम त्याने परीक्षा, वडील, बुद्धी, लग्न, भविष्य अशा सतरा खात्यांना नावे टाकली होती. असलं काम आमच्याकडे कुणी केलं तर संध्याकाळी शाखा टॅली होत नाही. मनाचीही होत नाही. म्हणून तर रात्री झोप लागत नाही.

पण पोरगं हुशार. म्हणालं, ‘मामा, ही फसवणूक नाही का? नापास तर मी झालोच आहे. तुम्ही नुसता ताळेबंद सजवताय.’

खरा प्रश्न हा आहे आणि तो परीक्षेपेक्षा मोठा आहे. मन हलकं करण्यासाठी एखाद्या गोष्टीचा अर्थ बदलायचा, हे प्रामाणिकपणात बसतं का? मार्चअखेरीला आकडे सजवण्याची कला व्यापारी जगाला नवी नाही आणि मनालाही ती उत्तम येते. माझ्या मते फरक ओळखण्याची खूण एकच. सजावटीत खरी नोंद लपवावी लागते. फेरमूल्यांकनात खरी नोंद जागच्या जागी राहते, फक्त खोट्या नोंदी काढाव्या लागतात. ‘परीक्षाच फालतू होती’ ही सजावट. ‘मी परीक्षेत नापास झालो, माणूस म्हणून नापास झाल्याचं व्हाउचर कुठे नाही’ हे फेरमूल्यांकन. त्याने मनातला गल्ला भरत नाही. दुःख शिल्लक राहतं, पण जेवढ्यास तेवढं राहतं. जेवढ्यास तेवढं दुःख माणूस उचलू शकतो.

आता काही दुःखांपुढे हे व्हाउचरही लंगडं पडतं. काळजी बहुधा खोट्या नोंदींवर जगते, म्हणून तिला पुरावा मागितला की ती वरमते. पण जे खरोखरच गेलं, त्याचा पुरावा तर पक्का असतो. तिथे उपयोगी पडतो तो चौथा प्रकार : लांब उभं राहून बघणं. दहा वर्षांनी हे केवढं दिसेल, किंवा हेच दुसऱ्या कुणाचं असतं तर आपण त्याला काय म्हटलं असतं? मिशिगन विद्यापीठाच्या ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की ऐन वेळी भाषण करायला सांगितलेल्या माणसांनी तयारी करताना स्वतःशी ‘मी’ न म्हणता स्वतःचं नाव घेऊन बोललं, तर त्यांची धास्ती कमी होते.

हे वाचून मला अभंग आठवले. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको गेली, मुलगा गेला, व्यापार बसला. वाट्याला आलेली कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं परंपरा सांगते. बँकवाल्याच्या अंगावर काटा यावा असाच प्रसंग! तो माणूस अभंगाच्या शेवटी ‘मी म्हणतो’ असं म्हणत नाही, ‘तुका म्हणे’ असं म्हणतो. ती काव्याची नाममुद्रा आहे, नामदेवांपासून चालत आलेली, हे मला ठाऊक आहे. कुणी ती औषध म्हणून काढली नव्हती. पण स्वतःलाच दोन हात लांब उभं करून त्याच्याकडे बघण्याची सवय आपल्या कानांना किती जुनी आहे! समर्थांनी तर मनाला समोर बसवून त्याच्याशी २०५ श्लोक बोलून घेतलं.

राहिलं चौथं कलम, भाड्याचं. त्याला व्हाउचर पक्कं होतं आणि लांब उभं राहूनही ते लहान दिसत नव्हतं. तिथे मी नजर बदलायला सांगितलं नाही. जी गोष्ट हाताने बदलता येते ती नुसती विचाराने गोड करून घेऊ नये. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असंच आढळलं : ताण आपल्या आवाक्याबाहेरचा असेल तेव्हा परिस्थितीचा वेगळा अर्थ लावण्यात तरबेज असलेली माणसं कमी खिन्न असतात, पण ताण आवाक्यातला असेल तेव्हा तीच माणसं जास्त खिन्न निघाली. गळक्या छपराखाली बसून पावसाचं सौंदर्य पाहू नये, आधी पत्रा बदलावा. आणि एक कलम असं असतं की ते मामाच्या अखत्यारीतलंच नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न नको, जगणं नको असं पोर बोलू लागलं, तर कागदपेन्सिल बाजूला ठेवून त्याला डॉक्टरकडे न्यावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फोन घेते; तो नंबर घरातल्या भिंतीवर दूधवाल्याच्या नंबरशेजारी असायला हरकत नाही.

एवढ्या सगळ्या पद्धती तोलल्यावर मला वाटतं, कोणता चष्मा यापेक्षा तो कोण चढवतो याला महत्त्व आहे. दुसऱ्याच्या खात्यावर आपण शेजारी बसून टोटल तपासू शकतो. सही त्याचीच लागते. ‘निदान’ हा शब्दसुद्धा वाईट नाही. दुसऱ्याने म्हटलं की तो चापटीसारखा लागतो, आणि स्वतःच्या तोंडून आला की आधार होतो.

भाचा पुण्याला परत गेला. महिन्याभराने त्याचा फोन आला. संध्याकाळी दोन तास एका क्लासमध्ये शाळेच्या मुलांना गणित शिकवायला लागला होता. परीक्षेचं पुढे काय, हे अजून ठरलं नव्हतं आणि आवाज काही फार उल्हसित नव्हता. फोन ठेवता ठेवता म्हणाला, ‘मामा, निदान मेसचे पैसे आता माझे मी भरतो.’

मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. सौ.ला आणखी काही सांगायचं होतं, पण मी फोन ठेवून दिला.